ओट्यावरची चप्पल

मंगळवार

वही, आधी माफी मागतो. तुला आणून बरेच दिवस झाले आणि पहिली ओळ आज लिहितोय. उशीर का झाला, तर पेन की पेन्सिल हेच ठरेना. पेननं चुकलं तर खोडता येत नाही. पेन्सिलनं लिहिलं तर कोणीही खोडू शकतं. शेवटी पेन घेतलं तर ते उमटेना, आणि उमटायला लागलं तेव्हा काय लिहायचं होतं तेच विसरलो.

तू खासगी वही आहेस. थेरपीबाईंनी दिलेली वही वेगळी. माझी बोटं आखडलीयत आणि थरथरतात, म्हणून त्यांनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात. त्या वहीत मी लिहितो, ‘आज हवा बरी. पोट साफ. कोणाबद्दल तक्रार नाही.’ ती वही त्या वाचतात ना. खरं काय ते इथं लिहीन. त्यांच्या चार ओळींपायी मला दोन-दोन पानं खरडावी लागणार, पण इलाज नाही. त्यांना कळता कामा नये.

थेरपीबाई म्हणजे आमच्या या वृद्धनिवासातल्या व्यवसायोपचार करणाऱ्या बाई. पहिल्यांदा दारावरची पाटी वाचली तेव्हा मला वाटलं, या म्हाताऱ्यांना कामाला लावणार. मी हात जोडून म्हणालो, “बाई, मी मोठ्या कचेरीत आयुष्यभर लिफ्ट चालवली. माझा व्यवसाय कधीच बरा झालाय, आता त्याला उपचार नकोत.” त्या हसल्या. म्हणाल्या, “काका, उठणं, बसणं, कपडे घालणं, चहा करणं, हाच माणसाचा मोठा व्यवसाय. त्यात अडचण आली की मी येते.” बोलायला गोड आहेत. गोड बोलणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

आता संकट लिहितो. त्या दिवशी मी शेगडीवर दूध ठेवलं आणि तेवढ्यात खाली लिफ्ट दुरुस्त करणारे आले. उघडी लिफ्ट दिसली की मला राहवत नाही. तेल कुठं घालायचं ते मी त्यांना समजावत होतो. मुलं गुणी, मान डोलावून ऐकत होती. नंतर कळलं की त्यांच्या कानात गाणी चालू होती. मग धुराचा भोंगा वाजला. सगळे खोल्यांतून बाहेर. आमच्या मजल्यावरचा वकील टॉवेलवर, हातात फक्त कवळीची डबी. माझं दूध, भांडं आणि अब्रू, तिन्ही करपलं.

व्यवस्थापकांनी माझ्या शेगडीचं बटण काढून नेलं. बटणाशिवाय शेगडी नाक कापल्यासारखी दिसते. ते बटण आता थेरपीबाईंच्या खणात आहे. महिनाभर त्या माझं सगळं बघणार आणि मग व्यवस्थापकांना सांगणार. जमलं तर बटण परत. नाही जमलं तर माझी रवानगी दुसऱ्या मजल्यावर.

दुसरा मजला वाईट नाही. तिथं सगळं आयतं मिळतं. पण शेगडी नसते. चहा ट्रॉलीवरून येतो, आणि तो कधी केलेला असतो हे त्या चहालाच ठाऊक. मी आयुष्यभर लोकांना वर सोडून खाली आलो. आता मला वर सोडून लिफ्ट खाली जाणार.

आणि शेजारच्या शिंपीणबाईंचं काय? त्या रोज सकाळी माझ्याकडे चहाला येतात. साखर किती ते भिंतीवर अंगुस्तानानं, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोपणानं, ठोकून कळवतात. एकदा ठोकलं की एक चमचा. एखाद्या दिवशी चार वेळा ठोकतात, एखाद्या दिवशी एकदाच. त्यांना साखरेचा आजार आहे की नाही ते मला अजून कळलेलं नाही. चहा मात्र त्यांना इतका आवडतो की मी गाळणं धुऊन येईपर्यंत कप रिकामा झालेला असतो. माझ्या चहाचं असं चीज करणारं दुसरं माणूस नाही. मुलगा तर म्हणायचा, “बाबा, हा चहा आहे की गंजाचं पाणी?”

बटण गेल्यापासून शिंपीणबाईंचा चेहरा उतरलाय. माझ्या खोलीत त्या चहाला बसतात त्या खुर्चीशेजारी कुंडीत एक रोप आहे, तेही मान टाकून बसलंय. एकावर एक संकटं.


शुक्रवार

वकील बातमी घेऊन आला. हा खरं तर कोर्टात शिपाई होता. पण न विचारता सल्ला देतो, म्हणून सगळे वकील म्हणतात.

“लिफ्ट्या, सोमवारी तुझी शर्टाची परीक्षा आहे. बाईंकडे सेकंद मोजायचं घड्याळ असतं. मागच्या विंगेतल्या पोस्टमनला एक बाही सापडली नाही. कुठं आहे तो आता?”

“कुठं?”

“दुसऱ्या मजल्यावर.”

“बाहीसाठी?”

“बाही हे निमित्त रे. त्यांना कारण लागतं.”

दुपारभर आरशासमोर सराव केला. शर्टाचं वरचं बटण लागेपर्यंत खालचं कुठं होतं ते विसरायला होतं. बोटांचं टोक आणि बटणाचं भोक यांची गाठच पडत नाही. शेवटी शिंपीणबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“अहो लिफ्टवाले, तोंड एवढंसं का केलंय?”

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या खण उपसायला लागल्या आणि चपलांना असते तशी चर्रकन उघडणारी चिकटपट्टी काढली. म्हणाल्या, “पट्टी आतून लावते. बटणं वरून नुसती शोभेला. नुसतं दाबायचं, की झालं. आयुष्यभर बटणंच दाबली ना तुम्ही?”

“पण ही लबाडी झाली.”

“मग वर जा. मी ट्रॉलीवाल्याला सांगते, तुमचा चहा जरा कोमट करून दे म्हणून.”

मी मुकाट्यानं सगळे शर्ट आणून दिले.


सोमवार

परीक्षा झाली. थेरपीबाईंच्या सरावाच्या खोलीत एक पलंग आहे ज्यावर कोणी झोपत नाही, एक नळ आहे ज्याला पाणी येत नाही, आणि एक दार आहे ते उघडलं की मागं भिंत. अशा खोलीत बसून त्या आमची अक्कल तपासतात.

शर्ट घातला. दाब, दाब, दाब, झालं. बाई बघतच राहिल्या. “वा काका! आता काढून परत घाला बरं.”

इथं घात झाला. काढताना पट्टी चर्र आवाज करते, हे आम्ही दोघांनी लक्षातच घेतलं नव्हतं. मी प्रत्येक चर्रला मोठ्यानं खोकलो. शर्ट निघाला. बाई म्हणाल्या, “खोकला कधीपासून आहे?”

आता मी डॉक्टरांचं कडू औषध घेतोय. तीन वेळा. खोकला नसताना.

जाताना बाईंनी विचारलं, “काका, शर्ट कोण शिवतं तुमचे?” मी नाव सांगितलं नाही. मेलो तरी सांगणार नाही.


गुरुवार

पुढची परीक्षा खुर्चीतून उठण्याची. माझी खुर्ची खोल आहे. तिच्यातून उठायचं तर आधी पुढं झुकायचं, मग देवाचं नाव घ्यायचं, मग परत बसायचं, असं दोन-चारदा करावं लागतं. म्हणून सुताराकडून लाकडी ठोकळे आणून चारही पायांखाली सरकवले आणि वर लांब चादर टाकली. आता नुसतं पाय टेकवले की उभा.

बाई आल्या. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. खुशीत आणखी एकदा उठलो.

“काका, खुर्ची उंच केलीत का?”

“नाही बाई, मीच थोडा बुटका झालोय. वय झालं.”

त्यांनी चादर उचलली नाही. नुसतं ओठ दाबून काहीतरी टिपून घेतलं.  मग माझी चार ओळींची वही बघून म्हणाल्या, “अक्षर फारच सुधारलं हो! चार ओळींत एवढा फरक?” संशय आलाय. नक्की आलाय. उद्यापासून त्या वहीत मुद्दाम वाईट अक्षर काढीन.


रविवार

मुलाचा फोन आला. “बाबा, वरच्या मजल्यावर सगळी काळजी घेतात. हट्ट का करताय?” मी म्हणालो, “हट्ट नाही, शेगडी आहे.”  मग सूनबाईंनी फोन घेऊन हवापाण्याचं विचारलं. मी म्हणालो, हवा बरी, पोट साफ, कोणाबद्दल तक्रार नाही.

त्याचंही चुकत नाही. त्या दिवशी खरोखर आग लागली असती तर? भिंतीपलीकडे शिंपीणबाई होत्या. हे मी कोणाला बोललो नाही, पण मनातून जात नाही.


मंगळवार

शेगडीसाठी युक्ती सापडली. सापडली म्हणजे लिफ्टच्या नियमातूनच निघाली. आमचा नियम असा की आत प्रवासी असेल तर लिफ्टमननं जागा सोडायची नाही. शेगडीवरचं दूध हा प्रवासीच. पण मला जागा सोडतोय हेच कळत नाही, त्याचं काय? म्हणून मी ठरवलं, शेगडी पेटवताना डाव्या पायातली चप्पल काढून ओट्यावर, शेगडीशेजारी ठेवायची. मग कुठंही निघालो तरी डावा पाय गार फरशीला लागणार आणि ओरडणार, अरे गाढवा, दूध!

बटणाशिवाय शेगडी लागत नाही, म्हणून थंड शेगडीवरच सराव केला. रिकामं भांडं ठेवायचं, चप्पल काढायची, दाराकडे जायचं, पाय गार, परत यायचं. शिंपीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“काय चाललंय?”

“परीक्षेचा अभ्यास.”

“विषय कुठला? लंगडी?”

हसत गेल्या. पण आज भिंतीवर पाच वेळा ठोकलं. चहा नसताना. हे काय समजायचं?


गुरुवार

थेरपीबाईंनी खिशातून बटण काढलं. जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. बटण शेगडीला बसवलं आणि म्हणाल्या, “दूध ठेवा आणि नेहमीसारखं वागा. मी इथं नाहीच असं समजा.” आणि अगदी समोर खुर्ची टाकून बसल्या.

मी दूध ठेवलं. त्या टिपून घ्यायला खाली वाकल्या तेवढ्यात चप्पल ओट्यावर ठेवली आणि वरून फडकं टाकलं.  मग खालून वकिलाचा आवाज, “लिफ्ट्या! अरे धाव, लिफ्ट उघडलीय!”

हा डाव होता हे आता कळतंय. थेरपीबाईंनीच त्याला फितवलं होतं. पण त्या क्षणी मी दाराशी पोचलोसुद्धा. आणि डावा पाय गार! उलटा फिरलो. दूध नुकतं वर येत होतं. बटण फिरवलं. एक थेंब सांडला नाही.

बाईंनी फडकं उचललं.

“काका, ही चप्पल?”

“वाळत घातलीय.”

“कोरडी आहे की.”

“म्हणजे वाळली.”

बाईंनी मोबाइल काढून चपलेचा फोटो घेतला. बटण काढून खिशात घातलं आणि जवळजवळ पळतच गेल्या. दूध वाचलं, मी बुडालो.


बुधवार

वही, इथं काहीतरी भयंकर चाललंय. सकाळी व्हरांड्यात आलो तर अर्धी माणसं एका पायात चप्पल घालून लंगडत होती. पोस्टमनच्या बायकोच्या ओट्यावर चप्पल. मागच्या विंगेत चप्पल. वकिलानं तर नवी चप्पल आणून पिशवीत घालून ठेवलीय. कोणाचं दूध शेगडीवर आहे ते चालीवरून कळतं.

व्यवस्थापक जिन्याशी उभे राहून शिपायाला विचारत होते, “पायाची काही साथ आलीय का?”

मी वकिलाला गाठलं. “हे सगळे माझी नक्कल का करतायत?”

“नक्कल नाही, साक्षीदार आहेत ते. बाईंनी सगळ्यांना बोलावून तुझा फोटो दाखवला. म्हणजे चपलेचा. मुद्देमाल.” मग आवाज खाली करून म्हणाला, “शनिवारी शेवटची परीक्षा आहे, व्यवस्थापक स्वतः येणार. माझं ऐक, स्वच्छ हातानं जा. पट्ट्या काढ, ठोकळे काढ, दोन्ही चपला पायात घाल. पकडला गेलास तर तू जाशीलच, शिंपीणबाईंनाही खेचशील. साथीदार म्हणून.”

हे मला सुचलंच नव्हतं. जेवण गेलं नाही.

शिंपीणबाईही आजकाल बोलत नाहीत, दिवसभर मशीन चालू असतं. विचारलं तर म्हणाल्या, “थेरपीबाईंनी शर्ट पाठवलेत. ढीगभर. तुमच्यासारखे करून हवेत.”  पुरावे तयार करून घेतायत, तेही शिंपीणबाईंच्याच हातून!


शुक्रवार

शिंपीणबाईंकडे गेलो. म्हणालो, “बाई, माझ्या शर्टाच्या पट्ट्या काढून द्या. पुन्हा भोकं पाडा.”

मशीन थांबलं. “काय?”

“प्रामाणिकपणे परीक्षा द्यायचीय.”

“म्हणजे माझं काम लबाडीचं?”

“तसं नाही, पण तसंच.”

 ‘तुम्हाला वाचवतोय’ असं म्हणायचं होतं, पण मध्येच खोकला आला. खरा. त्या म्हणाल्या, “मी शिवलेलं उसवत नाही. तुमचं तुम्ही बघा.” आणि दार लावून घेतलं.

मग मीच नखं कापायच्या कात्रीनं पट्ट्या कुरतडल्या. एका शर्टाला खिडकी पडली. पट्ट्या केराच्या डब्यात टाकल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर शिंपीणबाई व्हरांड्यात माझ्या डब्याशी उभ्या.  आत गेल्या.


शनिवार

लाज वाटते, पण लिहितो.

व्यवस्थापक आले, थेरपीबाई आल्या. मी शर्ट घातला. सगळी बटणं लावली. शेवटी वर एक बटण उरलं आणि खाली एक भोक उरलं. दोघांची गाठ घालून द्यायची तर माझीच घडी घालावी लागली असती.

मग खुर्ची. ठोकळे काढलेले. मी बसलो तो खोल गेलो. पुढं झुकलो, देवाचं नाव घेतलं, परत बसलो. व्यवस्थापक हात द्यायला आले. मी ओढलं. तेही आले. आम्ही दोघं खुर्चीत.

थेरपीबाई म्हणाल्या, “काका, तुमचे ठोकळे कुठं गेले?”

म्हणजे ठाऊक होतं! 

मग दूध. दोन्ही पायांत चपला घालून दुधासमोर उभा राहिलो. ठरवलं होतं, पापणी हलवायची नाही. आणि खाली लिफ्टची घंटा वाजली. वकिलाचा डाव नव्हता. अडकलेल्या लिफ्टची खरी घंटा. आत माणूस असेल तर? माझे पाय माझ्या आधी जिन्याशी पोचले. दोन्ही पाय उबदार. एकही ओरडला नाही.

लिफ्टमध्ये नुसती चहाची ट्रॉली अडकली होती. चहाला काही फरक पडणार नव्हता.

परत आलो तेव्हा भोंगा वाजत होता, व्यवस्थापक दुधात उभे होते आणि थेरपीबाईंचा चेहरा रडवेला. मला म्हणाल्या, “काका, चप्पल कुठंय तुमची?”

“दोन्ही पायांत आहेत.”

“तेच तर! आणि शर्टाच्या पट्ट्या?”

मी म्हणालो, “बाई, मी आज लबाडी केली नाही. एवढं तरी लिहून घ्या.”

व्यवस्थापक पाय झटकत म्हणाले, “झालं ना आता? दुसऱ्या मजल्यावरची खिडकीकडची खोली रिकामी आहे. सोमवारी—”

“नाही,” बाई म्हणाल्या. इतक्या जोरात की भोंगासुद्धा थांबला. “चूक माझी आहे. काका, ही परीक्षा आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी वकिलाचं नाव घेतलं नाही. तो व्हरांड्यात पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होता.

“सोमवारी पुन्हा बघू,” बाई व्यवस्थापकांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पण काका, एक अट. तुमची सगळी लबाडी मांडून ठेवा. एकही लपवायची नाही.”

 शहाणी बाई, आणि व्यवस्थापकांच्या तोंडावर असं बोलली!


रविवार

ठोकळे परत लावले. चप्पल तयार. पण पट्ट्या? डबा पाहिला, सफाईवाली रिकामा करून गेलेली.

शर्ट घेऊन शिंपीणबाईंचं दार वाजवलं. त्यांनी फट उघडली.

“बाई, चुकलो.”

“मी काम सोडलंय.”

“आतून मशीनचा आवाज येत होता.”

“उंदीर असेल.”

दार बंद. मी शर्ट कडीला अडकवला आणि आलो. उद्या उरलेल्या बटणासकट वर जाईन. वर गेलो तर भिंतीपलीकडे कोण असेल? अंगुस्तान नसलेलं कोणीतरी.


सोमवार

सकाळी शर्ट माझ्या कडीला. पट्ट्या नव्या, लाल दोऱ्यानं शिवलेल्या. लाल दोरा निळ्या शर्टाला शोभत नाही, पण तक्रार करायची सोय नव्हती. भिंतीवर ठोकून आभार मानले. उत्तर नाही.

व्यवस्थापक या वेळी गमबूट घालून आले.

शर्ट, दाब दाब झाला. काढताना चर्र झालं, मी खोकलो नाही. खुर्चीतून उठलो. दूध ठेवलं, चप्पल ओट्यावर. उघड्यावर, फडकं न टाकता. बाईंनी खिडकीतून वकिलाला खूण केली आणि तो भाड्याच्या माणसासारखा बोंबलला, “लिफ्ट उघडली!” मी दारापर्यंत गेलो. पाय गार. परत आलो. दूध शाबूत.

व्यवस्थापक ओट्याकडे बघून म्हणाले, “पण चप्पल, आणि खाण्यापिण्याच्या जागी?”

बाईंनी पर्समधून हातोडी काढली, खरंच काढली, आणि शेगडीशेजारी खिळा ठोकला. “खिळ्याला टांगा काका. बाकी सगळं तसंच.” मग व्यवस्थापकांना म्हणाल्या, “मी तीन वर्षं इथं लोकांना सांगतेय, बोटं ऐकत नसतील तर शर्ट बदला, गुडघे ऐकत नसतील तर खुर्ची बदला. कोणी ऐकलं नाही. यांनी न सांगता केलं.” आणि बटण माझ्या हातावर ठेवलं.

वही, मला आता सगळा उलगडा झालाय. बाई आमच्यातल्याच निघाल्या. लबाडांना सामील आहेत. आम्ही सगळे खाली राहावं म्हणून व्यवस्थापकांच्या डोळ्यांत धूळ फेकतायत. म्हणून फोटो, म्हणून ढीगभर शर्ट. देव त्यांचं भलं करो, आणि त्या पकडल्या न जावोत. मी कोणाला सांगणार नाही.

जाताना कानाशी म्हणाल्या, “काका, दर बुधवारी दुसऱ्या मजल्यावर याल? तिथल्या लोकांना तुमच्या युक्त्या दाखवायच्यात. पोस्टमनना खाली परत यायचंय.”

“मला तिथं ठेवून घेणार नाही ना?”

“लिफ्टनं वर जायचं, काम झालं की लिफ्टनं खाली यायचं.”

हे काम मला येतं.


मंगळवार, सकाळ

बटण जागेवर बसलंय. शेगडीला नाक आलं. दूध ठेवलंय, चप्पल खिळ्याला आहे, डावा पाय गार पडलाय आणि मी ओट्याशी उभ्यानं लिहितोय. थेरपीबाईंच्या वहीत लिहून झालं: हवा बरी, पोट साफ. तक्रार मात्र एक आहे, पण ती तिथं लिहिण्यासारखी नाही.

शिंपीणबाईंनी अजून ठोकलेलं नाही. मघाशी मीच भिंतीवर पळीनं ठोकलं. आधी हळू, मग जोरात. काहीच नाही. मशीन आपलं घरघरतंय. जाऊन दारात उभं राहावं, चुकलो म्हणावं, लाल दोरा फार शोभतो असंही म्हणावं. पण जाणार कसा? प्रवासी आत आहे, जागा सोडता येत नाही. नियम माझाच.

त्यांची खुर्ची पुसून ठेवलीय. तिच्या पायांखालीही ठोकळे लावलेत, विचारून नाही. शेजारचं रोप पार सुकायला आलंय. पाणी रोज घालतो, तरी कशानं ते कळत नाही.

आत्ता परत ठोकलं. वही, मशीन थांबलं. आत्ताच, या ओळीला.

बाई, एकदा ठोका, पाचदा ठोका, रागावून ठोका. पण साखर किती ते लवकर कळवा. दूध वर यायला लागलंय.